गिअरबॉक्स सगळ्यात शेवटी

ऑटोमॅटिक गाडीचा मालक गॅरेजच्या दारात येतो तेव्हा निदान तो बरोबर घेऊनच आलेला असतो. ‘मिस्तरी, गिअरबॉक्स गेला.’ कुणीतरी त्याला तसं सांगितलेलं असतं, पुण्याहून जुन्या गिअरबॉक्सचा भावही फोनवर आलेला असतो आणि त्या आकड्यानं त्याची झोप उडालेली असते. नगर-मनमाड रस्त्यालगत इतकी वर्षं हेच काम करतो आहे आणि माझं मत आता पक्कं झालं आहे: ‘गेला’ म्हणून आलेल्या गिअरबॉक्सांपैकी पुष्कळसे गेलेले नसतात. दुखणं बाहेर कुठंतरी असतं. ते बाहेर शोधायच्या आधीच बॉक्स उतरवला तर मालकाचे पैसे जातात आणि दुखणं जिथल्या तिथं राहतं.

आपल्या नगरला गिअर न टाकता चालणारं वाहन नवं नाही. कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना १९७२ साली आली. तिला गिअर नव्हते. वेग वाढला की सेंट्रिफ्युगल क्लच आपोआप धरायचा. पुढं १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली. ती पिथमपूरला बनायची आणि पट्ट्यावर चालणाऱ्या व्हेरिओमॅटिकनं पळायची. माझ्या आधीच्या पिढीतले दुचाकीचे मिस्तरी त्या पट्ट्यांवर आणि रोलरवर हात बसवून तयार झाले. चारचाकीतलं ऑटोमॅटिक मात्र आपल्याकडं उशिरा आलं, तेही बहुतेक सेकंडहँड. एर्टिगाच्या पेट्रोल गाडीला २०१५ साली चार गिअरचा ऑटोमॅटिक मिळाला, इनोव्हा क्रिस्टा २०१६ मध्ये २.८ डिझेलला सहा गिअरचा घेऊन आली. तेव्हा त्या मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत आणि कंपन्यांच्या दारात उभ्या राहायच्या. आता त्याच वयाच्या गाड्या, या कंपनीच्या आणि त्या कंपनीच्या, आपल्याकडं येतात. १ ऑक्टोबर २०१७ रोजी काकडीला शिर्डीचं विमानतळ सुरू झालं, त्यानंतर सात-आठ माणसं बसतील अशा एसी गाड्यांची मागणी वाढली. पुण्यात शनिवार-रविवारी मुलांना घेऊन फिरलेली गाडी इथं शिर्डी, राहुरी, शिंगणापूर आणि परत अशी रोज पळू लागते. तिचं आयुष्य एका रात्रीत बदलतं, पण तिच्या तेलाचा हिशोब कुणी बदलत नाही.

हे यंत्र मी शिकलो ते वस्तादांकडून. ते ईएमई या लष्कराच्या दुरुस्ती दलातून निवृत्त झालेले. नगर हे रणगाड्यांचं गाव. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल १९४८ पासून इथं आहे आणि लष्करातून बाहेर पडलेली, हातात कसब असलेली माणसं भिंगार-केडगावात पुष्कळ सापडतात. वस्तादांनी उमेदीची वर्षं टी-७२ वर काढली होती. त्या रणगाड्याला नेहमीच्या अर्थानं एक गिअरबॉक्स नसतो. दोन बाजूंना दोन प्लॅनेटरी गिअरबॉक्स असतात, पुढचे सात गिअर, आणि आतले क्लच-ब्रेक तेलाच्या दाबानं आवळले जातात. ऑटोमॅटिक कार पहिल्यांदा समोर आली तेव्हा आम्ही पोरं बावरलो होतो, पण वस्ताद शांत होते. त्यांनी खडूनं फरशीवर मधला सूर्य गिअर काढला, त्याच्याभोवती ग्रह गिअर काढले, बाहेरून दातेरी कडं काढलं आणि म्हणाले, ‘यातल्या एकाला धरून ठेवायचं, एकाला फिरवायचं, तिसऱ्यातून वेग घ्यायचा. धरायचं कुणाला ते बदललं की गिअर बदलला. आता सांग, धरतं कोण?’ मी म्हणालो, क्लचच्या चकत्या. ‘आणि चकतीला आवळतं कोण?’ तेल. ‘मग आधी तेलाला विचार.’

माझ्या सगळ्या कामाच्या मुळाशी हीच गोष्ट आहे. मॅन्युअल गाडीत तेल फक्त वंगण असतं. इथं तेलच गिअर टाकतं. इंजिनची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून पुढं नेतं तेही तेल, चकत्या दाबतं तेही तेल, उष्णता बाहेर वाहून नेतं तेही तेल. ते कमी झालं, जळलं, मळलं किंवा पातळ होऊन त्याचा दाब पडला, तर आतली एकही चकती तुटलेली नसताना गाडी मरणाला टेकल्यासारखी वागते.

राहात्याकडच्या एका मालकाची गाडी आली तीही अशीच. मोठी, जुनी, पुण्याहून घेतलेली. आधीच्या गॅरेजनं पूर्ण गिअरबॉक्स बदलायला सांगितला होता. मालक बोलत होता आणि ड्रायव्हर, वीस-बावीस वर्षांचं पोरगं, मागं गप्प उभं होतं. अशा वेळी मी मालकाला चहा सांगतो आणि ड्रायव्हरला गाडीपाशी घेऊन जातो. मालकाला खर्च माहीत असतो, गाडी माहीत असते ती ड्रायव्हरला.

‘कधी करते?’

‘सकाळी झकास पळती, मिस्तरी. दुपारनंतर ओढच नाही. इंजिन ओरडतं, गाडी जागची हालत नाही.’

‘आणि सपाटीला?’

‘सत्तरच्या पुढं हलका पाय ठेवला की थरथरती. रस्त्यावरच्या आडव्या पट्ट्यांवरून गेल्यासारखी.’

‘रिव्हर्स?’

‘गार असताना लगेच पडतो. गरम झाल्यावर जरा वेळ लावतो.’

‘हे सुरू व्हायच्या आधी गाडीचं काय काम केलं होतं?’

हा प्रश्न मी कधीच चुकवत नाही. पोरगं जरा घुटमळलं. दिवाळीच्या गर्दीआधी गाडी पुढून हलकी ठोकली होती. बंपर आणि रेडिएटरचं काम झालं होतं. मग त्यानं आपणहून आणखी एक सांगितलं, आणि ते मला सगळ्यात मोलाचं वाटलं: ‘उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकलो की जास्त करती.’

आपल्या उत्तर भागातला गळीत हंगाम ज्यानं रस्त्यावर पाहिला आहे त्याला हे वेगळं समजावायला नको. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी कारखाना उभा केला त्याला सत्तरपेक्षा जास्त वर्षं झाली. तेव्हापासून कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी हा पट्टा थंडीच्या महिन्यांत उसाच्या वाहनांनी भरून जातो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यांच्या पुढं बैलगाड्या, कोल्हार-राहुरीच्या दरम्यान रस्ता उखडलेला. मागची गाडी तासच्या तास पंधरा-वीसच्या वेगानं सरकते. टॉर्क कन्व्हर्टरला हा वेग सगळ्यात वाईट. त्यात समोरासमोर दोन पंखे असतात, एक इंजिनबरोबर फिरतो, दुसरा गिअरबॉक्सकडचा, आणि दोघांच्या मध्ये फक्त तेल. वेग आला की लॉक-अप क्लच दोघांना एकत्र बांधतो आणि घसरण थांबते. वेग आलाच नाही तर बांधणी होत नाही, पंखे तेलातच एकमेकांपासून मागं-पुढं घसरत राहतात आणि त्या घसरणीची सगळी उष्णता तेलात जाते. वर एसी पूर्ण चालू, गाडीत आठ माणसं.

स्कॅनर लावला तेव्हा पी ०७४१ हा कोड साठलेला होता. आधीच्या गॅरेजनं तोच वाचून बॉक्स बदलायला सांगितलं असावं. कोड एवढंच सांगतो की लॉक-अप क्लचला धरायला सांगितलं आणि तो धरला नाही. का धरला नाही, सोलेनॉईडमुळं, तेलामुळं, दाबामुळं की चकतीमुळं, हे कोडला ठाऊक नसतं. म्हणून मी कोड वाचून थांबत नाही, चालू गाडीचे आकडे बघतो. इंजिनचे फेरे, टर्बाईनचे फेरे, बाहेर जाणाऱ्या शाफ्टचे फेरे आणि तेलाचं तापमान. लॉक-अप लागल्यावर इंजिन आणि टर्बाईनचे फेरे एकसारखे दिसायला हवेत. कुठल्याही एका गिअरमध्ये टर्बाईन आणि बाहेरचा शाफ्ट यांचं गुणोत्तर ठरलेलं असतं. ते मोडलं तर गिअरच्या चकत्या घसरताहेत, आणि ते टिकून इंजिन-टर्बाईनमध्ये फरक राहिला तर घसरण कन्व्हर्टरमध्ये आहे. दोन्हींचा उपाय वेगळा, खर्च वेगळा. बॉक्स खाली न उतरवता एवढं कळतं.

आम्ही गाडी घेऊन निघालो. आधी शिर्डीच्या दिशेनं, मुद्दाम ट्रॉल्यांच्या मागं. मग परत फिरून संभाजीनगर रस्त्यानं जेऊर आणि इमामपूर घाट. पोरगं चालवत होतं, मी शेजारी स्कॅनरचा पडदा धरून. रांगेत सरकताना तेलाचं तापमान चढत गेलं आणि ११० च्या पुढं गेलं. हे मला अपेक्षित होतं. जे अपेक्षित नव्हतं ते पुढं दिसलं: मोकळा रस्ता मिळाला, लॉक-अप लागायचा वेग आला, तरी तापमान उतरायला तयार नाही. धडधाकट गाडीत अशा वेळी ते उतरायला लागतं. सत्तरच्या वर थरथर सुरू झाली तेव्हा मी पोराला सांगितलं, ॲक्सिलरेटर तसाच ठेव आणि डाव्या पायानं ब्रेक नुसता शिव. ब्रेकचा इशारा मिळाला की संगणक लॉक-अप सोडतो. थरथर तिथल्या तिथं थांबली. इंजिन मिसफायर करत असतं तर ती ब्रेक शिवण्यानं थांबली नसती. ही चाचणी मोकळ्या रस्त्यावर आणि मागं कुणी नाही हे बघूनच करायची. घाटात तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर टिकून होतं. गिअरच्या चकत्या धरत होत्या.

स्टॉल टेस्ट मी त्या दिवशी केली नाही. डी मध्ये टाकून, ब्रेक दाबून पूर्ण ॲक्सिलरेटर द्यायचा आणि इंजिनचे फेरे कुठं अडकतात ते बघायचं. जास्तीत जास्त पाच सेकंद. तिच्यातून खूप कळतं, पण आधीच तापलेल्या जुन्या गिअरबॉक्सवर ती करणं म्हणजे दुखऱ्या अंगावर दाब देऊन बघणं आहे. दुसऱ्या, सौम्य चाचणीवर माझा जास्त भरवसा आहे. न्यूट्रलमधून डी मध्ये टाकल्यावर गाडीला धरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघायचं. साधारण सव्वा सेकंदाच्या आत धरायला हवं, रिव्हर्सला दीड. या गाडीत गार असताना दोन्ही ठीक, गरम असताना दोन्ही लांबलेले. डी आणि रिव्हर्स दोन्ही एकदम लांबले तर एखादी चकती गेल्याची शंका मागं पडते. दोघांना समाईक असतो तो तेलाचा दाब.

तेल मोजायचं सकाळी. हल्लीच्या बऱ्याच गिअरबॉक्सना डिपस्टिक नसते. गाडी सपाट उभी, इंजिन चालू, सगळे गिअर एकदा फिरवून घेतलेले आणि तेलाचं तापमान चाळीस अंशांच्या आसपास असताना खालचं बूच काढायचं. थेंब थेंब गळलं तर पातळी बरोबर. तेल तापलं की फुगतं, म्हणून दुपारी मोजलं तर कमी असलेलंही पुरेसं दिसतं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये तर उजाडतानाच हे उरकावं लागतं. दुसऱ्या दिवशी पहाटे बूच काढलं तर काहीच आलं नाही. लिटरभर तेल घातल्यावर पहिला थेंब पडला.

एवढं तेल गेलं कुठं? रेडिएटरपाशी हात घातला तर गिअरबॉक्सचं तेल गार करणाऱ्या कूलरच्या पाईपचा जोड ओलसर लागला. बंपर-रेडिएटरच्या कामाच्या वेळी तो सैल बसवला गेला होता. जमिनीवर डाग पडावा इतकी गळती नव्हती. चालताना पाझरायचं आणि धुळीत मिसळायचं. आणि कूलर? समोरून जाळी स्वच्छ दिसत होती. एसीचा कंडेन्सर सुटा करून बाजूला सारला तेव्हा मागं पाचटाचा, कापसासारख्या तंतूंचा आणि किड्यांचा असा जाड थर सापडला की त्यातून वारा जाणं शक्यच नव्हतं. हे समोरून कधीच दिसत नाही. ट्रॉल्यांमागं चालणाऱ्या गाड्यांत हा थर दोन-तीन महिन्यांत बसतो. तो मागून पुढं, हलक्या पाण्यानं काढावा लागतो. जोराच्या पाण्यानं पत्र्याच्या बारीक पात्या वाकतात आणि कूलर कायमचा बंद होतो.

मग गिअरबॉक्सच्या तळाचा पॅन काढला. मालकाला मुद्दाम जवळ बोलावलं. पॅनमधल्या चुंबकावर बारीक करडा चिखल होता, एवढ्या वयाच्या गाडीत तो असणारच. लोखंडाचे मोठे कण नव्हते, पितळी चमक नव्हती. तेल तपकिरी झालेलं आणि जळका वास होता. चकतीच्या अस्तराची काळी पूड थोडी होती. मी त्याला स्पष्ट सांगितलं: लॉक-अपच्या चकतीनं मार खाल्ला आहे, ती किती दिवस काढेल हे मी लिहून देणार नाही. पण आज बॉक्स उतरवायची गरज नाही.

जुनं तेल बदललं की गिअरबॉक्स बसतो, असं पुष्कळ चालक शपथेवर सांगतात. मी ते हसण्यावारी नेत नाही, कारण तसं घडलेलं मी पाहिलं आहे. मात्र त्या गाड्यांचा पॅन उघडला असता तर अस्तराची पूड भरलेली दिसली असती. चकत्या आधीच संपत आल्या होत्या आणि आळ नव्या तेलावर आला. म्हणून तेल बदलायच्या आधी पॅन बघायचा आणि जे दिसतं ते मालकाला दाखवायचं. यंत्र लावून सगळं तेल एका दमात धुऊन काढणं जुन्या गाडीला मी टाळतो. पॅनमधून निम्म्याहून कमीच तेल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. तेव्हा काढायचं, कंपनीनं सांगितलेल्या दर्जाचंच भरायचं, गाडी फिरवायची, पुन्हा काढायचं. ‘हे तेल आयुष्यभर चालतं’ हे वाक्य पुस्तिकेत वाचून थांबणाऱ्यांना माझं एकच विचारणं असतं: कुणाच्या आयुष्यभर? आपल्या उन्हात, आठ माणसं भरून धावणाऱ्या गाडीच्या?

याच कामात बाहेरच्या दुखण्यांचे इतर नमुनेही भेटतात. एकदा रात्री शिंगणापूरच्या पार्किंगमधून फोन आला: लिव्हर पी मधून निघत नाही, कुटुंब अडकून पडलंय. मी फोनवरच विचारलं, ब्रेक दाबल्यावर मागचे दिवे लागतात का? लागत नव्हते. ब्रेकचा स्विच गेला होता. ब्रेक दाबल्याचा इशारा मिळत नाही तोवर गाडी पी सोडत नाही. बारकासा स्विच, बदलायला काही मिनिटं. डी मध्ये टाकताना धाडकन आवाज येतो म्हणून आलेल्या गाड्यांत इंजिनचं फाउंडेशन रबर किंवा प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस ढिला निघतो. गिअर उशिरा पडतात म्हणून आलेल्या एका डिझेल गाडीचा टर्बोचा होज फाटलेला होता. इंजिनलाच दम नव्हता, गिअरबॉक्स त्याला सांभाळून घेत होता.

पाण्याचं दुखणं मात्र जीवघेणं. टंचाईच्या दिवसांत बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये ओततात. कुलंट महाग, पाणी फुकट. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल रेडिएटरच्याच पोटातल्या कूलरमधून फिरतं. आतून क्षार आणि गंज चढत जातो, भिंत फुटते आणि पाणी तेलात शिरतं. तेल दुधाळ गुलाबी झालेलं दिसलं की माझं मन खचतं, कारण पाणी चकतीचं अस्तर चिकटवणारा गोंदच सोडवतं. अशा गाडीत बॉक्स खरंच उघडावा लागतो, आणि तो वाचवता आला असता हे ठाऊक असतानाच मी तो उघडतो.

चालकांना मी आणखी दोन गोष्टी कळकळीनं सांगतो. बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी ज्या चाकांवर चालते ती चाकं रस्त्यावर ठेवून टोचन करून मुळीच आणू नका. आतला पंप इंजिनवर फिरतो. इंजिन बंद म्हणजे तेलाचा फेरा बंद, आणि चाकं मात्र आतले गिअर कोरडे फिरवत राहतात. दहा-वीस किलोमीटर ओढून आणलेल्या गाडीचं मूळ दुखणं किरकोळ होतं आणि गिअरबॉक्स वाटेत मेला, असं झालेलं आहे. त्याच कारणानं डिझेल वाचवायला चंदनापुरी किंवा इमामपूर घाट न्यूट्रलमध्ये उतरायचा नाही. चाकांच्या वेगानं आतले भाग गरगर फिरतात आणि इंजिन आयडलला असल्यानं तेल मात्र कमी पोचतं. मॅन्युअल टवेरावर शिकलेल्या हाताला ही सवय सोडायला वेळ लागतो. रागावून उपयोग नसतो, कारण सांगितलं की सोडतात.

राहात्याच्या गाडीचा जोड नवा बसवला, कूलर मोकळा केला, फिल्टर आणि तेल बदललं, संगणकातली जुनी शिकवण पुसून टाकली. गाडी पुन्हा चकत्यांचा अंदाज शिकते त्याला थोडं चालणं लागतं, म्हणून पहिले काही दिवस गिअर अवघडल्यासारखे पडतील हे पोराला आधीच सांगितलं. थरथर लगेच पूर्ण गेली नाही. हळूहळू कमी होत गेली. मालकानं गिअरबॉक्सला बाजूला काढलेल्या पैशातून एक जादाचा ऑइल कूलर बसवून घेतला.

पुढच्या गळीत हंगामात तेच पोरगं गाडी घेऊन आलं. तक्रार नव्हती, तेल बघून घ्यायला आलं होतं. ट्रॉल्यांमागून येऊनही तापमान ९५ च्या आत होतं. कंडेन्सरच्या मागं पुन्हा पाचट बसायला लागलं होतं. या वेळी ते त्यानं स्वतः काढलं, मी फक्त पाण्याचा पाईप किती उघडायचा ते दाखवलं.